गाठ गेली, तेलग्रंथींचे काय?

पापणीतील तेलग्रंथी तुंबून मुलाला आलेली गाठ बरी झाल्यानंतर काय करावे, याविषयीचा गोंधळ दर महिन्याच्या पत्रांत असतो, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीची गाठ भूल देऊन काढली. आता तो डोळा कोरडा पडेल का?
उत्तर : सहसा नाही. वरच्या पापणीत सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० तेलग्रंथी असतात, त्यांचे तेल अश्रू लवकर सुकू देत नाही; एखादी निकामी झाली तरी उरलेल्या काम निभावतात. मात्र त्या तुंबू नयेत यासाठीची काळजी गाठ गेल्यावरही घ्यावी लागते.

प्रश्न : गाठ दिसत नाही, मग शेक थांबवावा का?
उत्तर : लगेच नको. तेल दाट होण्याची प्रवृत्ती गाठीबरोबर जात नाही. आपल्या मनगटाला सोसेल इतक्याच कोमट, स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे शेकून पापणीची कड हलकेच पुसावी. किती आठवडे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे.

प्रश्न : घरातील मंडळी लवंग उगाळून लावायला सांगतात.
उत्तर : लावू नका.

प्रश्न : वर्षभरात तिसरी गाठ आली. मागच्या वेळचे थेंब दुकानातून पुन्हा आणले. लाली लगेच उतरते. चालेल ना?
उत्तर : चालणार नाही, आणि ‘लाली लगेच उतरते’ याचीच मला धास्ती वाटते. असे झटपट गुण देणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते देखरेखीशिवाय आठवडेच्या आठवडे घातल्यास डोळ्यातील दाब न दुखता वाढतो, काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो आणि मूल तक्रारही करत नाही. चिठ्ठीशिवाय ती बाटली हाती ठेवणाऱ्या दुकानदाराला दाब मोजायचा नसतो. (गरज पडल्यास आम्ही डॉक्टरही स्टेरॉइड देतो, पण मोजून आणि दाब तपासून.) शिवाय गाठी वारंवार येतात, तेव्हा पापणीच्या कडेची जुनाट सूज शोधावी लागते. मूल उजेडात डोळे मिटत असेल, सतत चोळत असेल, तर ती सूज बुबुळावरील पारदर्शक पडद्यापर्यंत पोहोचलेली असू शकते आणि तिथे व्रण राहिला तर नजर कायमची अधू होते. पापणीच्या अशा सुजेसाठी मोठ्यांना दिलेली डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी घरातील लहानग्याला देऊ नका. आठ वर्षांखालील मुलांत दातांवर डाग पडण्याच्या भीतीने ती टाळली जाते. नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि आधी वापरलेली प्रत्येक बाटली सोबत न्या.

प्रश्न : जाहिरातीतील ओमेगाच्या गोड गोळ्यांनी गाठी थांबतात का?
उत्तर : जाहिरात पाहून घेऊ नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : मोठी गाठ वरच्या पापणीत आहे, शाळेच्या सुट्टीपर्यंत थांबलो तर?
उत्तर : नेत्रतज्ज्ञांनी तपासून थांबायला सांगितले असेल, तरच थांबा. मोठी गाठ बुबुळावर दाबून तिरका (सिलिंडरचा) नंबर आणू शकते, आणि लहान वयात त्यातून डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट विकसित होत नाही. ताप आला, पापणी सुजून डोळा उघडेना, डोळा पुढे आल्यासारखा दिसला किंवा हलवताना दुखू लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.