पहिली काइट घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

काइटसर्फिंग, म्हणजे काइटच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायचा खेळ, तू शिकतो आहेस. त्यासाठी तीन काइट, दोन बोर्ड आणि अंगावर आवळायच्या एका हार्नेसचे फोटो पाठवून ‘यातलं काय घेऊ?’ असं विचारलंस. माझं उत्तर एवढंच: आत्ता यातलं काहीच घेऊ नकोस. हिरमुसू नकोस, पुढे वाच. फोटोत बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या (लाइन्स) ज्याला जोडलेल्या असतात तो दांडा, एकही नाही, आणि मला सगळ्यात आधी तोच बघायचा होता.

पण त्याआधी, घेण्याची वेळ आली आहे का ते बघू. बोर्ड पायातून सुटून लांब गेला, तर नुसत्या काइटच्या ओढीवर, वाऱ्याच्या विरुद्ध तिरपं जात तुला त्याच्यापर्यंत पोचता येतं का? पाण्यात पडलेली काइट कोणाच्या मदतीशिवाय उठवता येते का? आणि काहीच चालेनासं झालं, तर लाइन्स बारवर गुंडाळत काइटपर्यंत जाऊन, तिच्या हवा भरलेल्या कडेला धरून किनाऱ्याला लागता येतं का? हे जमेपर्यंत शिकवणाऱ्यांचंच सामान वापर. एक तर ते आपटायला, वाळूत घासायलाच ठेवलेलं असतं. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या काइट तुझ्या हातून जातात आणि तुझ्या वजनाला कोणत्या वाऱ्यात कोणतं माप बरं वाटतं, ते अंगाला कळतं. ते कळण्याआधी केलेली खरेदी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आवडीची खरेदी.

बहुतेक नवशिके वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तसं सामान घेतात. आज थोडं जड जाईल, पण पुढच्या वर्षी उड्या मारायला लागलो की उपयोगी पडेल, असा हिशेब. या खेळात तो हिशेब चालत नाही. उड्यांसाठी बनवलेली काइट नवशिक्याच्या चुका पोटात घालत नाही, आणि चुका होतात तेव्हा तू पाण्यात असतोस. तेव्हा पुढच्या वर्षीचा तू आत्ता बाजूला ठेव. येत्या काही महिन्यांत जो सारखा पडणार आहे, ज्याची काइट सारखी पाण्यात आपटणार आहे, त्याच्यासाठी घ्यायचं आहे.

आता बार. लोकांना वाटतं काइट मुख्य आणि बार म्हणजे तिला धरायचा दांडा. माझ्या लेखी क्रम उलटा. पैसे मोजकेच असतील तर काइट जुनी चालेल, बोर्ड कोणाचाही उतरलेला चालेल, पण बार शक्य तितका नवा घे. काइट आणि तुझं शरीर यांना जोडणारी आणि वेळ आली तर तोडणारी जागा तिथे आहे. चिकन लूप म्हणजे बार हार्नेसच्या हुकात अडकवायची कडी. तिच्या वरचा क्विक रिलीज, म्हणजे झटकन सुटका करणारा खटका, ढकलला की बार आणि काइट तुझ्यापासून दूर सरकतात, सगळा ताण तुला बांधलेल्या सेफ्टी लीशच्या दोरीवरून एकाच पुढच्या लाइनवर येतो, आणि काइट पंख मिटल्यासारखी सपाट होऊन पडते. निदान तसं व्हायला हवं. जुन्या रचनांमध्ये रिलीजनंतरही काइटमध्ये बरीच ओढ शिल्लक राहायची, आणि काही तर पुन्हा जोडायला दोन्ही हात आणि भरपूर शांतता लागायची. पाण्यात यांतलं काहीच हाताशी नसतं. या रिलीज यंत्रणांसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. बार त्यानुसार आहे का, हे विकणाऱ्याला बिनधास्त विचार. उत्तर माहीत नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघायला सांग.

बार हातात आला की एवढं कर. चिकन लूप हार्नेसच्या हुकात अडकव, कोणाला तरी पुढच्या लाइन्स ताणून धरायला सांग, मागे रेल आणि डोळे मिटून रिलीज ढकल. एका हाताने, उजव्याने आणि डाव्याने, दोन्ही वेळा सुटला पाहिजे. ताण नसताना तर कुठलाही रिलीज सुटतो, त्यात काही कळत नाही. मग परत जोडून बघ. तेही डोळे मिटून. जोडताना चाचपडावं लागत असेल तर तो बार तुझ्यासाठी नाही. नंतर बारच्या मधल्या भोकातून जाणारी डिपॉवरची, म्हणजे काइटची ओढ कमी-जास्त करायची, दोरी वर-खाली कर आणि भोकाच्या कडेला ती जिथे घासते, तिथे नखाने चाचप. वरचं आवरण फाटलेलं असेल, धागे फुललेले असतील, तर ती बदलल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. ही दोरी बदलता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी अख्खा बार नाकारू नकोस.

लाइन्सची लांबी तपासायला चारही टोकं एकाच खांबाला अडकव, चालत मागे जा आणि ताण दे. बार समोर आडवा धर. तिरका झाला, किंवा एखादी लाइन ढिली लोंबली, तर लाइन्स असमान ताणल्या गेल्या आहेत. थोडा फरक गाठींवर सावरता येतो. वापरात पुढच्या लाइन्स जास्त ओढल्या जातात, त्यामुळे बहुतेक वेळा त्याच लांबलेल्या सापडतील. अशा बारवर काइट सतत बारकडे ओढल्यासारखी, गुदमरलेली उडते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

आणखी एक. बार आणि काइट एकाच कंपनीचे, जवळपास एकाच काळातले घेतलेस तर डोकेदुखी कमी. पुढच्या दोन लाइन्स कुठे विभागतात, बारच्या जवळ की वर उंचावर, हे कंपनीगणिक बदलतं आणि काइट त्यानुसार बेतलेली असते. अनुभवी माणसं सरमिसळ करतात, त्यांना करू दे.

काइटचं माप हा दुसरा मोठा प्रश्न, आणि इथे थोडं गणित आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा २० नॉट झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १२ चा १८ झाला, तरी सव्वादोन पट. म्हणून ‘मोठी घेतो, वारा वाढला तर सांभाळून घेईन’ हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाला १५ ते २० नॉटमध्ये १२ चौरस मीटरची काइट बरी पडते. ५५-६० किलो असशील तर ९ किंवा १०. हे ठोकळ आकडे आहेत. बोर्डचा आकार, काइटचा प्रकार, वारा एकसारखा आहे की झोतांचा, सगळ्याने ते हलतात. तू जिथे जास्त वेळा उतरणार आहेस, तिथे बहुतेक दिवशी किती वारा असतो ते आधी शोध, आणि त्या वाऱ्यासाठी एकच काइट घे. एकच. तिच्या मापाबाहेर वारा गेला तर किनाऱ्यावर बसून इतरांची काइट पकडून दे, उतरवून दे. त्यातूनही बरंच शिकता येतं. दोन मापांमध्ये अडकलास तर लहान निवड. लहान काइटवर फार तर पाण्यातून उठता येणार नाही, कंटाळशील. मोठीवर काय होतं ते सांगायला नको.

आकाराच्या बाबतीत फार खोलात शिरत नाही. हवा भरायच्या काइटचं पेटंट १९८४ मध्ये फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी घेतलं. सुरुवातीच्या सी आकाराच्या काइटमध्ये बार पूर्ण सोडला तरी बरीच ओढ उरायची. २००५ च्या सुमारास बो काइट आल्या, त्यांची मागची कड आत वळलेली, पुढच्या कडेला दोऱ्यांची जाळी, आणि बार सोडला की ओढ जवळजवळ नाहीशी. डेल्टा आकार त्याच घराण्यातला. तुला या दोन्हींच्या आसपासची, तीन आडव्या नळ्यांची, ‘सगळ्याला चालते’ म्हणून विकली जाणारी काइट हवी. पाण्यात पडली की अशी काइट एक मागची लाइन ओढली तरी कडेला सरकत वळते आणि उठते. सी काइट कितीही स्वस्त मिळाली, तरी नको. पॅराग्लायडरसारख्या कप्प्यांच्या फॉइल काइटही सध्या नकोत; पाण्यात पडून भिजल्या की त्यांना उठवणं वेगळं कसब आहे.

जुनी काइट बघायला जाशील तेव्हा वारा नसलेल्या दिवशी जा, आणि घाईत असलेल्या माणसाकडे जाऊ नकोस. तिच्यावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भर आणि सावलीत ठेवून निदान दोन तास थांब. मालक राजी असेल तर रात्रभर. ढिली पडली तर आतली ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, किंवा झडप गळते. ब्लॅडर बदलता येते, पण मग तेवढं भावात धर. झडपेच्या बुडाशी बोट फिरव. उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिलेल्या काइटचा डिंक तिथूनच सुटतो. मग कापड. मधला भाग चिमटीत धरून चुरगळ. धडधाकट कापड कागदासारखं कुरकुरतं. उन्हाने खाल्लेलं मऊ, ढेपाळलेलं लागतं, जुन्या रुमालासारखा हात फिरतो. मागची कड जास्त फडफडते, म्हणून ती आधी मरते. तिथले टाके आणि विरलेपण नीट बघ. नीट शिवलेली दुरुस्ती असेल तर मला तिची भीती वाटत नाही, उलट मालकाने काळजी घेतली असं वाटतं. पुढच्या जाड नळीच्या शिवणीवरचं ठिगळ मात्र मी सोडून देतो. शेवटी पुढच्या कडेच्या दोऱ्या, कप्पी असेल तर ती फिरते का, आणि लाइन जोडायच्या छोट्या दोऱ्या झिजल्यात का, हे बघ. ‘दोनदाच वापरली’ हे वाक्य ऐकू येईल. ते कापडाला विचार.

आणि हो, घरी आणल्यावर हवा कमी भरायची सवय लावून घेऊ नकोस. पंप मारून दमलास की ‘झालं एवढं’ वाटतं. ढिली काइट झोतात दुमडते आणि पाण्यातून उठत नाही, मग दोष तिच्या कंपनीला.

बोर्डबद्दल थोडक्यात. दोन्ही दिशांनी चालणारा ट्विनटिप, आणि तुला वाटतो त्यापेक्षा मोठा. ७५ किलोला १४० ते १४५ सेंटिमीटर लांब आणि ४२ च्या आसपास रुंद. छोटा बोर्ड पाण्यात रुततो, तो तरंगावा म्हणून काइट जोरात फिरवावी लागते, आणि जोरात फिरवलेली काइट नवशिक्याला बोर्डवरून उचलून पुढे फेकते. मोठा बोर्ड कमी ओढीवर चालतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध जायला लवकर शिकवतो. रंग, कार्बन, वजन, सगळं विसर. पायाचे पट्टे आवळता-सैल करता येतात का, तेवढं बघ. बोर्डला अंगाशी बांधणारी लीश कोणी फुकट देऊ केली तरी घेऊ नकोस: बोर्ड मागे राहतो, दोरी ताणते आणि तो डोक्यावर येतो. बोर्ड सुटला तर वर सांगितलं तसं पोहत-ओढत आणायचा.

हार्नेस मात्र दुसऱ्याच्या शरीरावर बरा दिसतो म्हणून घेऊ नकोस. अंगात घालून, हुकातून दोरी बांधून लटक, पाच मिनिटं तरी. शिकताना काइट बहुतेक वेळ डोक्यावर असते, म्हणून कंबरेचा हार्नेस बरगड्यांपर्यंत सरकतो आणि श्वास अडकवतो. तसा सरकत असेल तर मांड्यांतून पट्टे जाणारा सीट हार्नेस घे. तो तेवढा ऐटबाज दिसत नाही, हे कबूल.

हेल्मेट पाण्याच्या खेळांसाठीच बनवलेलं हवं, सायकलचं नको. इम्पॅक्ट वेस्ट, म्हणजे अंगात घालायची जाड बंडी, मार सोसते, पण तिला लाइफ जॅकेट समजू नकोस. आणि ती आखूड हवी, नाहीतर हार्नेस नीट बसत नाही. लाइन कापायचा हुकाचा चाकू हार्नेसच्या खिशात, आणि मधूनमधून त्याचा गंज बघ. वेटसूट पाण्याच्या थंडीवर ठरतो, त्यात माझं मत काही कामाचं नाही. दोन-तीन चौरस मीटरची सरावाची काइट घेतलीस तर चांगलंच, पण ती आहे म्हणून शिकवणी टाळू नकोस.

आता तू पाठवलेल्या फोटोंकडे येतो. तिन्हींपैकी मधली मला त्यातल्या त्यात बरी दिसते, बाकी दोन पाच नळ्यांच्या आहेत आणि शिकायला जड जातील. पण फोटोत मागची कड दिसत नाही. मालकाकडून तिचा उजेडात धरलेला फोटो मागव. बारवरचा क्विक रिलीज, डिपॉवरच्या दोरीचा भोकाजवळचा भाग आणि काइटवर छापलेलं साल, हेही जवळून. त्याबरोबर तुझं वजन आणि जिथे उतरणार आहेस तिथला गेल्या महिनाभरातला वारा लिहून पाठव. तोवर त्याला आगाऊ काही देऊ नकोस.