पुण्यात राहतो, घरी ओव्हन नाही. दोघांपुरतं सोपं 'सर्फ अँड टर्फ' घरी कसं करता येईल?

ओव्हन लागतच नाही. छोटा कुकर आणि बिडाचा तवा असला की भागतं.

मुळात हा अमेरिकेतल्या हॉटेलांतला प्रकार. १९६०च्या दशकात तिकडे तो गाजायला लागला. एकाच ताटलीत बीफ स्टेक आणि लॉबस्टर, म्हणजे ऐपत दाखवायचंच जेवण. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैलाचं मांसही बंद आहे, म्हशीचं मिळतं. मी त्या भानगडीत न पडता बोकडाच्या चापा आणि कोलंबी घेतो. पहिल्यांदा केलं तेव्हा व्हिडिओत बघून चापा स्टेकसारख्या नुसत्या तव्यावर भाजल्या, वर कोलंबीही त्यांच्यासोबतच टाकली. चापा चावता चावता जबडा दुखला आणि कोलंबीचं खोडरबर झालं.

दोघांना चार-पाच चापा आणि पाव किलो मोठी कोलंबी पुरते. खाटकाला कोवळ्या बोकडाच्या द्यायला सांगा. कोलंबीसाठी गणेश पेठेतला मासळी बाजार किंवा कॅम्पातलं शिवाजी मार्केट, आणि जायचं ते सकाळीच. डोकं काळं पडलेली किंवा हात लावताच डोकं सुटणारी कोलंबी घेऊ नका. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा तळ्यातली कोलंबी मिळते. तिनेही चांगलं होतं. सोलून मिळत असली तरी टरफलासकट आणा, कारण सगळी मजा त्या टरफलांत आहे.

चापांना आलं-लसूण, हळद, मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग कपभर पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या आणि वर पाच मिनिटं मंद आच. मांस मऊ व्हायला हवं, पण हाडापासून सुटता कामा नये. खाली जे अळणी पाणी उरतं ते ओतून दिलंत तर हे जेवण केलंच नाहीत असं समजा.

तोवर कोलंबी सोला, पाठीतला काळा दोरा काढा, शेपूट राहू द्या. डोकी आणि टरफलं चमचाभर तेलात केशरी होऊन खमंग वास सुटेपर्यंत परता, त्यावर ते अळणी ओता आणि अर्धं होईपर्यंत आटवा. मग डोकी दाबून दाबून गाळून घ्या. मटण आणि समुद्र इथे एकत्र येतात, नाहीतर एका ताटलीत दोन परके पदार्थ शेजारी ठेवल्यासारखं होतं.

आता तवा चांगला तापवा. चापा फडक्याने टिपून कोरड्या करा (ओल्या असल्या तर भाजण्याऐवजी वाफवतात), दोन्ही बाजूंनी लालसर करून काढा. त्याच तव्यात ठेचलेला लसूण, भरपूर मिरपूड आणि मीठ लावलेली कोलंबी. एका बाजूला मिनिटभर, उलटून पुन्हा तेवढंच. इंग्रजी 'सी'सारखी वळली की उतरवा, गोल आकडा झाला म्हणजे उशीर झाला. लिंबू आधी चोळू नका, शेवटी पिळा. रिकाम्या तव्यात गाळलेलं अळणी ओता, तळाचं खरवडा, आच बंद करून लोण्याचा गोळा ढवळा.

माशाबरोबर दुधाचं काही चालत नाही असं आमची आई म्हणते. लोणी त्यात मोडतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

सोबत उकडलेला बटाटा तुपावर परतून, आणि कच्चा कांदा. पाव आणलेला असतो, पण घरात ज्वारीची भाकरी असली की ताटलीतला सॉस आम्ही तिनेच पुसून खातो.