'विश्वास बसणे' आणि 'विश्वास ठेवणे'

देवगडच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "माझा एक ख्रिस्ती मित्र देवाविषयी बोलताना 'माझी श्रद्धा आहे' असं न म्हणता 'मी विश्वास ठेवतो' असं म्हणतो. मी त्याला म्हटलं, ज्याला पुरावा नाही त्यालाच विश्वास म्हणायचं ना? पुरावा असता तर 'मला माहीत आहे' म्हणाला असतास. त्यावर तो म्हणाला, तुला शब्दच कळलेला नाही. तर मराठीत 'विश्वास' म्हणजे नक्की काय? ख्रिस्ती लोक 'श्रद्धा' का म्हणत नाहीत? आणि त्याच्या चर्चच्या मंडळीतल्या एकाने मला 'अविश्वासी' म्हटलं, ते मराठी म्हणून बरोबर आहे का?"

मी स्वतः ख्रिस्ती आहे, वेंगुर्ल्याकडचा, कॅथलिक घरातला. तेव्हा या प्रश्नात माझी बाजू आहे हे आधीच सांगतो.

श्रद्धेचं आधी उरकू. ख्रिस्ती लोक हा शब्द टाळतात असं सरसकट म्हणता येत नाही. वसईच्या कॅथलिकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात 'श्रद्धा' आणि 'भाविक' हे दोन्ही शब्द सर्रास येतात. 'विश्वास', 'विश्वासी', 'विश्वासात येणे' ही बोली जास्त करून प्रॉटेस्टंट मंडळ्यांची, कारण त्यांचं बोलणं मराठी बायबलवर पोसलेलं आहे आणि तिथे 'विश्वास' आहे. धर्मशास्त्राची म्हणावी अशी अडचण 'श्रद्धा' या शब्दात काहीच नाही. उलट श्रत् आणि धा मिळून झालेला हा शब्द आणि लॅटिनमधला 'क्रेदो' हे एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत, आणि आपण काय मानतो हे सांगणारी आमची प्रार्थना, म्हणजे विश्वासांगीकार, लॅटिनमध्ये सुरू होते ती 'क्रेदो' याच शब्दाने. त्यामुळे कोणी 'श्रद्धा' म्हटलं तर ख्रिस्ती माणसाने दचकायचं कारण नाही.

तरीही बायबलच्या मराठीत 'विश्वास' रुजला, आणि माझ्या मते तो योग्य शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस'. तो देवळातला खास शब्द नव्हता. व्यवहारातला भरवसा, दिलेला शब्द पाळणं, माणसाची पत, हे सगळं त्या एका शब्दात येई. मराठीत असा दोन्हीकडे चालणारा शब्द 'विश्वास' हाच आहे. श्रद्धा आपण देवावर, गुरूवर, फार तर एखाद्या मोठ्या तत्त्वावर ठेवतो. दुकानदारावर किंवा जावयावर कोणी श्रद्धा ठेवत नाही, विश्वास ठेवतो. शिवाय 'विश्वास' शब्दात श्वास आहे. संस्कृतात विश्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. ज्याच्याजवळ भीती वाटत नाही त्याच्यावर विश्वास.

हिंदीत 'अंधविश्वास' म्हणतात तिथे मराठीत 'अंधश्रद्धा' म्हणतात, हेही इथे बघण्यासारखं आहे. मराठीत 'आंधळा विश्वास' म्हणतात, पण तो वेगळ्या ठिकाणी. भागीदाराने हिशेब बुडवला की लोक म्हणतात, त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला. तिथे कोणी 'अंधश्रद्धा' म्हणणार नाही. म्हणजे मराठी कानाला श्रद्धा ही बहुधा एखाद्या समजुतीची किंवा रीतीची वाटते आणि विश्वास हा माणसाचा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'विश्वास'बरोबर मराठी कोणकोणती क्रियापदं वापरते ते पाहा. विश्वास बसतो, विश्वास वाटतो, विश्वास उडतो. ही एक जात झाली. यात माझ्या हातात फारसं काही नाही. समोर जे आलं त्याने मन वळलं किंवा वळलं नाही. दुसरी जात : विश्वास ठेवतो, विश्वास टाकतो, विश्वास धरतो. इथे कर्ता मी आहे. 'माझा विश्वास बसत नाही' असं म्हणणाऱ्याला कोणी दोष देत नाही, पण 'मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही' असं म्हटलं की समोरचा दुखावतो. नाम तेच आहे, पण पहिल्या वाक्यात मनाची अवस्था सांगितली आहे आणि दुसऱ्यात माणसाने केलेली गोष्ट.

तुम्ही मित्राला विचारलंत ते पहिल्या जातीबद्दल आणि तो उत्तर देत होता ते दुसरीबद्दल. तो 'ठेवतो' म्हणाला हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या किनाऱ्यावरचंच पाहू. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की खलाशी ट्रॉलरवर चढतात. वारा कसा फिरेल, जाळ्यात काय लागेल, यातलं त्यांना काहीच माहीत नसतं. बोटीचा प्रमुख, तांडेल, तेवढा माहीत असतो. कुणाला विचारलंत तर 'तांडेलार भरवसो आसा' एवढंच सांगेल. हा भरवसा पुराव्याशिवायचा नव्हे. तांडेलाने आजवर बोट कशी आणली हे खलाशाने पाहिलेलं असतं. पण उद्याच्या फेरीचा पुरावा मात्र त्याच्याजवळ नाही, कुणाजवळच नसतो. तरी तो चढतो, आणि त्या चढण्याला मराठी 'विश्वास ठेवणे' म्हणते. 'माहीत असणे' आणि 'विश्वास ठेवणे' ही म्हणूनच एकमेकांच्या विरुद्ध टोकांची नाहीत. माणूस माहीत असतो म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवतात.

व्याकरणातही हे दिसतं. आपण विश्वास ठेवतो तो कुणावर तरी. 'देव आहे यावर माझा विश्वास आहे' हे वाक्य मराठीत चालतं, पण तिथे साधी बोली 'देव मानतो' ही आहे. 'आमी काय देव-बिव मानत नाय' असं सांगणारे आपल्याकडे गावोगाव भेटतात. येशूची हकिकत सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानात 'पिस्तिस' हे नाम एकदाही येत नाही, सगळीकडे क्रियापदच येतं, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे जे अव्यय येतं त्याचा अर्थ 'कडे, आत' असा आहे. ग्रीकमध्येही ती रचना सर्रास वापरातली नव्हती. मराठीने तिथे 'वर' घातलं. थोडं निसटलं खरं, पण रोख माणसाकडेच राहिला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर सरळ म्हटलं आहे की देव एक आहे हे भुतंही धरून असतात आणि थरथर कापतात. नुसतं 'आहे' म्हणणं आमच्याही पुस्तकात विश्वास म्हणून चालत नाही.

आता थोडं घरचं. आमच्या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना कोंकणीत होत. माझी आजी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसली की 'हांव सत मानतां' इथे तिचा आवाज किंचित चढायचा. विश्वासांगीकाराचं हे कोंकणी रूप. सत मानतां, म्हणजे खरं मानते. इथे 'वर' पेक्षा 'खरं' पुढे आलं. पण 'मानणे' हे क्रियापदही दोन कामं करतं. मानणं म्हणजे समजणं आणि मानणं म्हणजे मान देणंही. मानकरी, मानाचा नारळ, मानपान हे त्यातलेच. 'विश्वास' या नामाला आजीच्या प्रार्थनेत 'भावार्थ' म्हणत. गोव्याच्या कोंकणीत आजही ख्रिस्ती विश्वासाला 'भावार्थ' आणि विश्वास ठेवणाऱ्याला 'भावार्थी' म्हणतात. आज मराठी माणसाला भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा मजकूर वाटतो, पण जुन्या मराठीतही भावार्थी म्हणजे भाविकच. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे ख्रिस्तकथेचं मराठी काव्य १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, ओव्यांमध्ये. त्या परंपरेतल्या लोकांनी नवा शब्द घडवत बसण्यापेक्षा इथल्याच मातीत भक्तीसाठी तयार असलेला शब्द उचलला. मला 'भावार्थ' फार प्रिय आहे आणि मराठी ख्रिस्ती लेखनातून तो जवळजवळ गेला याचं वाईट वाटतं.

प्रार्थनेच्या शेवटी येतो तो 'आमेन' याच घराण्यातला. हिब्रूत 'अमन' या धातूचा अर्थ पक्कं, टिकणारं असणं. त्याच धातूपासून 'एमुना', म्हणजे भरवसा आणि इमानही, आणि त्याच धातूपासून आमेन. गाऱ्हाण्याच्या वेळी सगळा गाव 'होय महाराजा' म्हणतो, तेव्हा तो एखाद्या विधानाची खातरजमा करत नसतो, मागणं आपलं म्हणत असतो. आमेनचंही तसंच.

इथवर तुमचा मित्र बरोबर. पण पुढे तुम्ही म्हणाल, तांडेल दिसतो, देव कुठे दिसतो? हा आक्षेप रास्त आहे, आणि शब्दाची फोड करून तो सुटत नाही. 'विश्वास'चा अर्थ 'भरवसा' निघाला म्हणून ज्याच्यावर भरवसा टाकला तो आहे हे सिद्ध होत नाही. आमच्यातले काही लोक इथे घाईने 'विश्वास हा विश्वास असतो, त्याला प्रश्न विचारायचे नसतात' म्हणून विषय मिटवतात. ते मला पटत नाही, आणि नव्या करारालाही, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागालाही, पटलेलं दिसत नाही. आमच्या विश्वासांगीकारात एका रोमन अधिकाऱ्याचं नाव आहे : पंतय पिलात. आजी त्याला पोंस पिलात म्हणायची. देवाच्या प्रार्थनेत सरकारी अंमलदाराचं नाव कशाला? कारण ही गोष्ट अमुक माणसाच्या अमलात घडली, असं तिथे ठामपणे सांगायचं आहे. त्याच्या हुकुमावरून ख्रिस्ताला मृत्युदंड झाला हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही नोंदवलं आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेला ख्रिस्त पुन्हा उठला याची, साक्ष मात्र ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचीच आहे, हे मी मोकळेपणी सांगतो. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं ते ख्रिस्ताला वधस्तंभावर मारल्यानंतर साधारण २०-२५ वर्षांनी, आणि त्यात साक्षीदारांची नावं घेऊन तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. जो माणूस आपला विश्वास कशाने खोटा ठरेल हे स्वतःच लिहून ठेवतो, तो पुराव्याकडे पाठ फिरवून बसलेला नाही. ती साक्ष तुम्हाला पुरेशी वाटेल की नाही हा तुमचा निर्णय. मला ती वाटली आणि मी विश्वास ठेवला.

माझ्या आवडीचं एक वाक्य मार्काच्या शुभवर्तमानात आहे. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. 'बसणे' आणि 'ठेवणे' हा भेद लक्षात घेतला की यात विसंगती राहत नाही. त्याचा विश्वास पुरता बसलेला नाही, तरी तो ठेवतो आहे आणि उरलेल्यासाठी मदत मागतो आहे. त्याला कोणी परत पाठवलं नाही, मुलगा बरा झाला. येशूचा शिष्य थोमा यानेही, उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्याला जखमा दाखवल्या गेल्या. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे शब्द त्यानंतरचे.

राहिला 'अविश्वासी'. मंडळीतल्या बोलण्यात त्याचा अर्थ एवढाच की ज्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवलेला नाही. म्हणणाऱ्याच्या मनात दुसरं काही नसेलही. पण मंडळीबाहेरच्या मराठीत हा शब्द वेगळा लागतो. 'विश्वासू' म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा, त्यामुळे 'अविश्वासी' ऐकलं की ज्याच्यावर विश्वास ठेवू नये असा माणूस डोळ्यांसमोर येतो. तुम्हाला ते लागलं असेल तर चूक तुमच्या कानाची नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना हा शब्द आम्ही वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही देव मानत नसाल तर 'नास्तिक' आहे, अजून ठरलं नसेल तर 'साशंक' आहे, आणि दोन्ही नको असतील तर 'याचा अजून विश्वास बसलेला नाही' हे सरळ मराठी वाक्य आहे. तुमच्या मित्राला हे दाखवा. त्याला 'ठेवतो' म्हणायचा जेवढा हक्क आहे तेवढाच तुम्हाला 'बसत नाही' म्हणायचा आहे.