कॉन्फिगर करते ती चाचपणी

प्रश्न असा: सोर्सवरून (लिहिलेल्या कोडवरून) प्रोग्राम बिल्ड करताना कॉन्फिगर ही तयारी करणारी स्क्रिप्ट आधी त्या मशीनवरची लायब्ररी फंक्शनं (आयती मिळणारी, कोडमधून बोलावता येणारी कामं) कशी आहेत ते पाहून घेते. या पाहण्याला मराठीत तपासणी म्हणावं, चाचणी की पडताळणी?

मी ‘चाचपणी’ म्हणेन.

पडताळायला हाताशी आधीची नोंद लागते. पावत्या वहीशी पडताळतात. तपासणारा चूक शोधतो. चाचणीत कुणीतरी पास-नापास होतं. इथे फंक्शन चुकलेलं नसतं, निराळं असतं.

स्ट्रएरर_आर घ्या. एररच्या क्रमांकावरून मजकूर देणारं हे फंक्शन पोसिक्सप्रमाणे (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणाप्रमाणे) इंट, म्हणजे पूर्णांक, परत करतं, ग्नूच्या सी लायब्ररीतलं मात्र कॅर पॉइंटर, म्हणजे मजकूर मेमरीत कुठे आहे तो पत्ता. एकाच लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) सी भाषेतला कोड कंपाइल केला तर सहसा पहिलं मिळतं, त्याच्याच जी++ या भावंडाने सी++ भाषेतला केला तर दुसरं, कारण जी++ _ग्नू_सोर्स हा मॅक्रो (ग्नूची रूपं मागणारी खूण) आपणहून डिफाइन करतो. म्हणजे सिस्टिमचं नाव विचारून भागत नाही. मग ऑटोकॉन्फने (हे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं, १९९१ पासूनचं साधन) तयार केलेली स्क्रिप्ट काय करते? कॉन्फटेस्ट.सी नावाची छोटीशी फाइल लिहिते आणि तीत स्ट्रएरर_आरच्या कॉलआधी एक स्टार (*, म्हणजे ‘त्या पत्त्यावर जे आहे ते’) लावते. पॉइंटर येत असेल तर फाइल कंपाइल होते. इंट येत असेल तर कंपायलर अडतो, इंटला स्टार चालत नाही. ते अडणं हेच उत्तर, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. वीज गेल्यावर फडताळात हात घालावा आणि बोटांना लागलेल्या आकारावरून काडेपेटी ओळखावी, तसं आहे हे.

शिवाय ‘मतदारसंघाची चाचपणी’ आपण रोज वाचतो. पाऊल टाकण्याआधी अंदाज घेणं हा अर्थ तिथे रुळलेला आहे आणि तो इथेही चपखल बसतो.

फक्त ‘स्क्रिप्ट चाचपडते’ असं लिहू नका. चाचपणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असतं, चाचपडणाऱ्याला वाट सापडत नसते. पडद्यावरच्या संदेशात तर नामही नको: ‘स्ट्रएरर_आर कॅर पॉइंटर देतं का पाहत आहे… हो’ एवढं पुरे.

‘चाचणी’ मात्र राखून ठेवा. बिल्ड झाल्यावर प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला मेक चेक ही आज्ञा चालवतात, तिथे तो शब्द लागेल.