तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह काढावं का?

प्रश्न: मी निवृत्त माध्यमिक शिक्षक. मुलगी स्त्रीरोगशास्त्रात एम.एस. झाली. तिला आमच्या तालुक्याच्या गावीच प्रसूतिगृह काढायचंय. इथे आधीचे तीन स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांतल्या एकांनी ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला, 'मेडिकल कौन्सिलला एक अर्ज गेला की रजिस्ट्रेशन जाईल.' तिने पुण्यात नोकरी धरावी का?

उत्तर: सप्रेम नमस्कार गुरुजी,

नुसत्या अर्जावर रजिस्ट्रेशन जात नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार गेली की डॉक्टरला नोटीस येते, लेखी म्हणणं मागवतात, सुनावणी होते, वकीलही देता येतो. निकाल विरोधात गेला तर दिल्लीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे ६० दिवसांत अपील करता येतं. पण रेंगाळलेली तक्रार नव्या डॉक्टरला दमवते हेही खरं, आणि विरोधकाला पुष्कळदा तेवढंच पुरतं.

तिला एक खटला जरूर वाचायला सांगा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातलं अ‍ॅस्टोरिया हे जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. रुग्णालय एकच, आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच क्लिनिकचे. टिमोथी पॅट्रिक या सर्जनने १९७३च्या सुमारास त्या क्लिनिकची भागीदारी नाकारून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. क्लिनिकवाल्यांनी त्याच्याकडे पेशंट पाठवणं जवळजवळ थांबवलं, त्याच्या गैरहजेरीत त्याचे पेशंट बघायला नकार दिला, आणि वर 'याच्या मागे पेशंट बघायला कुणी नसतं' अशी टीकाही चालू ठेवली! पुढे प्रकरण राज्याच्या परवाना मंडळाकडे गेलं. तिथे चौकशी समितीचा अध्यक्ष त्याच क्लिनिकचा भागीदार. मंडळाने ठपक्याचं पत्र काढलं, पॅट्रिकने कोर्टात दाद मागताच मागे घेतलं. मग त्याने क्लिनिकवाल्यांवरच दावा भरला, आणि शेवटी १९८८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पण त्यात किती वर्षं गेली बघा.

विरोधकांना पकडायला काय सापडलं? १९७९च्या तक्रारीत म्हटलं होतं की त्याने एक पेशंट नव्या सहकाऱ्यावर सोपवला आणि तो सहकारी पेशंटला तसंच सोडून निघून गेला. म्हणून तिने जागा, यंत्रं, कर्ज यांच्या आधी एकच गोष्ट ठरवावी: ती गावात नसताना तिची बाळंतीण कोण बघणार? तालुक्याच्या गावात याचं उत्तर बहुधा तेच तिघे असतात. तिने त्यांना स्वतः जाऊन भेटावं, निरोप पाठवणाऱ्यांनाही. धमकीचा विषय काढू नये. 'सर, मी बाहेर असताना तुम्ही, तुम्ही बाहेर असताना मी' असं थेट विचारावं. एकट्याने चोवीस तास बाळंतपणं केलेल्या ज्येष्ठांनाही ही सोय हवीच असते.

मला खरी काळजी सोनोग्राफीची वाटते. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात, फॉर्म एफमधली (गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) त्रुटी हाच नियमभंग धरतात. तसं नव्हतं हे डॉक्टरने सिद्ध करायचं. न्यायालयाने आरोप निश्चित केले की कौन्सिल रजिस्ट्रेशन निलंबित करू शकतं, आणि पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षं नाव नोंदवहीतून जातं. दुसऱ्या डॉक्टरच्या एका फोनवर तपासणी पथक दारात उभं राहू शकतं. ते फॉर्म तिने रोज स्वतः तपासावेत, रिसेप्शनवर सोपवू नयेत.

पेशंट पाठवल्याबद्दलचा कट (कमिशन) द्यायचा नाही, घ्यायचा नाही. सुरुवातीला पेशंट कमी येतील, ते सोसायला वर्षभराच्या खर्चाची तजवीज हवी. उद्घाटनाची साधी जाहिरात वर्तमानपत्रात देता येते, यशस्वी शस्त्रक्रियांचे फ्लेक्स मात्र लावू नका.

निव्वळ भीतीपोटी पुणे नको. पण तिघांपैकी एकानेही होकार दिला नाही, तर तिने एकटीने प्रसूतिगृह काढू नये. एखादी बॅचमेट बरोबर यायला तयार होईपर्यंत जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी जागा आहे का ते बघा. तालुक्यातल्या बायकांची ओळख तिथेही होईल.