वाचकांचे प्रश्न: फोटोला हार घालायचा का?

प्रश्न: आमच्या शेजारचे बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) काका इस्रायलला गेले, अजून मराठीतच बोलतात. त्यांचा नातू सैन्यात सेवेत असतानाच गेला, पोरगं वीस-एकवीसचं, फार धार्मिक. वर्षश्राद्ध जवळ आलंय, आम्ही बेळगावातून काय करावं? (एक वाचक, शहापूर)

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत हेच मला लई मोठं वाटलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावात, जवानाचं घर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पण हार नको, ज्यूंच्यात फुलांपेक्षा कबरीवर छोटा दगड ठेवायची रीत आहे. वर्षाचा दिवस हिब्रू कॅलेंडरवर धरतात, आपल्या तिथीसारखा, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, आणि दिवस आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की सुरू, तेव्हाच घरी चोवीस तासांचा दिवा लावतात. गेलेल्या माणसासाठी म्हणतात त्या कद्दीश प्रार्थनेला परंपरेनं दहा पुरुष लागतात, आणि तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती, हे मला फार भिडतं. त्याच्या नावानं खानापूरच्या एखाद्या गरजू पोराची फी भरा, असं दान त्यांच्यातही करतात. शिवाय इय्यार या हिब्रू महिन्यात (साधारण एप्रिल-मे) इस्रायलमध्ये शहीद जवानांचा स्मृतिदिन असतो, रात्री 8 ला एक मिनिट आणि सकाळी 11 ला दोन मिनिटं भोंगा वाजतो, हायवेवरच्या गाड्यासुद्धा थांबतात. त्या दिवशी फोन जरूर करा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मात्र टाळा, शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणारं घर फोन उचलत नाही. आणि काकांना पोराबद्दल विचारा, त्याचं नाव घेऊन विचारा, बोलू दे त्यांना पोटभर मराठीत.