गोळ्यांची पिशवी आधी ताटात ओत

सासूबाईंच्या गोळ्या आता तुझ्याकडे आल्या ना, मग आधी घरातल्या सगळ्या पट्ट्या ताटात ओत. फ्रिजवरच्या, देवघरातल्या, उशाखालच्यासुद्धा. कंपनीने दिलेलं नाव सोड, औषधाचं मूळ नाव वाच. माझ्या सासऱ्यांकडे दोन डॉक्टरांच्या दोन वेगळ्या पट्ट्या होत्या, आणि दोन्हींत बीपीचं औषध अ‍ॅम्लोडिपिनच! पाय सुजले, एकदा न्हाणीत तोल गेला, तेव्हा कुठे लक्षात आलं. अजून जीव हळहळतो.

गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून परस्पर आयबुप्रोफेन आणू नकोस. बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्या पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून आधीच काढून ठेवू नकोस, ओल धरतात. चवथीच्या गडबडीत डोस चुकला, तर पुढच्या वेळी दोन देऊ नकोस. बांबोळीच्या इस्पितळात तपासणीला जाताना सगळ्या पट्ट्या सोबत ने.